उठावदार बप्पा

लग्नपत्रिका असो, वाढदिवसाचा फ्लेक्स असो की दशक्रियेचा बोर्ड, छापायला जाण्याआधी तो बप्पांच्या नजरेखालून गेला पाहिजे, असा आमच्या भागात अलिखित नियम आहे. बप्पांना या कामावर कुणी नेमलेलं नसतं. त्यांना माउस धरता येत नाही. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप ही त्यांच्या लेखी एकाच दुकानाची दोन नावं. पण डिझाईन करणाऱ्या पोराच्या खुर्चीमागे उभं राहून, स्क्रीनला बोट टेकवून ‘हितं कायतरी टाका की’ म्हणण्याचा हक्क त्यांनी कमावलेला असतो. त्या बोटाचा डाग स्क्रीनवर कायमचा राहतो. पोरगा तो पुसत नाही, कारण उद्या बप्पा तिथंच बोट ठेवणार.

असे बप्पा गावोगावी आहेत, पण या प्रकारातला सगळ्यात मुरलेला नमुना धर्मापुरीचा. धर्मापुरी म्हणजे बीड जिल्ह्यातलं, परळी तालुक्यातलं, लातूरच्या हद्दीजवळचं गाव. किल्ला आणि केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ यांसाठी जाणकार मंडळी वाट वाकडी करून तिथं जातात. बाकीची दुनिया एसटीच्या खिडकीतून फ्लेक्स वाचत पुढं जाते. म्हणजे गावाबद्दल बहुतेकांचं मत बप्पांनीच बनवलेलं असतं.

बप्पांचा पोशाख पांढरा, आवड मात्र सप्तरंगी. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक पाकीट. पाकिटात पैसे कमी, लोकांचे पासपोर्ट फोटो जास्त. हल्ली तो साठा मोबाईलमध्ये गेला. कोणत्या युवा नेत्याचा गॉगलवाला फोटो कोणता, फोन कानाला लावलेला कोणता, दोन्ही हात जोडून चालत येणारा कोणता, हे सगळं त्यांच्याकडे बॅकग्राउंड कटिंग करून तयार असतं. एखाद्याने मधल्या काळात मिशी काढली, तर ‘मिशीवालाच घ्या, वजन येतं’ हा सल्लाही तयार असतो.

त्यांचा आवडता शब्द ‘उठावदार’. अक्षर उठावदार करायचं म्हणजे त्याला आधी पिवळा रंग, त्याला लाल आउटलाईन, तिच्याबाहेर पांढरी आउटलाईन, खाली काळी सावली, आणि हे झाल्यावर त्यावर सोन्याचा मुलामा. इतकं केल्यावर मूळ अक्षर ‘हा’ होतं की ‘ह्य’ होतं हे नीट कळत नाही, पण उठाव येतो यात शंका नाही. मंगल या फॉन्टवर त्यांचा जुना राग आहे. र. कृ. जोशींसारख्या अक्षरांच्या थोर जाणकाराने तो घडवला आणि विंडोजमधून तो सरकारी कचेऱ्यांपर्यंत सगळीकडे पोचला, हे पोराने त्यांना एकदा सांगितलं. बप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘नाव मंगल हाय, पर अक्षर उपाशी हाय.’ उलट मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेने केलेला गुबगुबीत ‘बालू’ त्यांना एकदम पसंत पडला. आपल्याच बाजूच्या कुण्या बाळूने केला असणार, अशी त्यांची समजूत आहे. ती कुणी मोडत नाही.

दुकानातला पोरगा पुण्यात नोकरी करून परत आलेला. त्याने अक्षरं पाहिलेली आहेत. कमल शेडगे नाटकाच्या जाहिरातीत नुसत्या नावाच्या वळणातून नाटकाचा स्वभाव कसा दाखवायचे, हे तो मोबाईलवर दाखवायला जातो. बप्पा चष्मा कपाळावर चढवून पाहतात आणि विचारतात, ‘बरं हाय, पर हिरोचा फोटो कुठाय?’

या दोघांची खरी जुगलबंदी पाहायची तर सप्ताहाच्या दिवसांत दुकानात बसावं. अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका हे काम येरागबाळ्याचं नव्हे. पहाटेचा काकडा, मग विष्णुसहस्रनाम, ज्ञानेश्वरीचं पारायण, गाथा भजन, दुपारचं प्रवचन, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचं कीर्तन आणि पुढं जागर. हा झाला एक दिवस. असे सात, आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. म्हणजे किमान आठ कीर्तनकार, आठ फोटो, आठ गावं, प्रत्येकामागे ह.भ.प. त्याखाली व्यासपीठ चालक, गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार. त्याखाली रोजच्या पंगतीचे अन्नदाते. त्याखाली मंडप, लाऊडस्पीकर, पाण्याचा टँकर. सगळ्यात खाली ‘समस्त गावकरी मंडळी’, म्हणजे ज्यांचं नाव वर बसलं नाही ते.

पोरगा हे सगळं एका नजरेत कळावं म्हणून तक्ता करतो. डावीकडे वार आणि तिथी, मध्ये महाराजांचं नाव, उजवीकडे गाव. वर केदारेश्वराच्या देवळाचा एकच मोठा फोटो, भोवती मोकळी जागा. खरं सांगायचं तर पत्रिका देखणी होते. बप्पा ती बघतात आणि त्यांचा चेहरा भाजीत मीठ विसरल्यासारखा होतो.

‘हे पांढरं काय ऱ्हायलंय?’

‘बप्पा, ती मोकळी जागा आहे. डोळ्याला विसावा.’

‘फुटावर पैसे मोजतो का न्हाई आपण?’

‘मोजतो.’

‘मग इसावा कामून इकत घ्यायचा? त्यो घरी फुकट मिळतो.’

यावर पुण्यात शिकलेल्या कोणत्याही डिझायनरकडे उत्तर नाही. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो, हे सत्य आहे. दहा बाय आठचा बोर्ड म्हणजे ऐंशी फूट, आणि बप्पांच्या हिशोबात त्यातला प्रत्येक फूट वर्गणी देणाऱ्या कुणाचा तरी आहे. मग विसाव्याच्या जागी चार अन्नदाते बसतात. काल्याच्या महाराजांचा फोटो इतर सातांहून बोटभर मोठा होतो. तो बोटभरच हवा. दोन बोटं झाला तर आदल्या रात्रीचे महाराज पुढच्या वर्षी तारीख देत नाहीत.

पोराने एकदा शेवटचा उपाय करून पाहिला. तो बप्पांना म्हणाला, ‘तुमच्याच गावचं देऊळ बघा. भिंतीवर इतक्या सुरसुंदरी आहेत, पण प्रत्येकीला आपली जागा आहे. दोघींच्या मध्ये दगड मोकळा सोडलाय. म्हणून तर हजार वर्षांनी माणूस उभा राहून बघतो.’ मुद्दा बिनतोड होता. केदारेश्वराचं देऊळ खरोखर तसं आहे. कोन काढत काढत भिंत वळते, उन्हाची तिरीप फिरते तशा एकेक मूर्ती उजेडात येतात, आणि कोणतीच शेजारणीला ढकलत नाही. बप्पांनी देवळाच्या दिशेने हात जोडले, कारण त्यांची भक्ती खरी आहे, आणि म्हणाले, ‘देऊळ बांधणाऱ्याला वर्गणी गोळा करायची नव्हती लेका. राजा एकटा होता.’

त्या दिवशी मला बप्पांबद्दल आदर वाटायला लागला. मांडणी बदलायची तर पैसे देणारा बदलावा लागतो, हे छापखान्यांत जन्म घालवलेल्या लोकांनाही लवकर उमगत नाही. धर्मापुरीच्या किल्ल्याच्या तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. कुठं एखादी मूर्ती, कुठं नक्षीची पट्टी, मिळेल तिथं, मिळेल तशी. तिथं उभं राहिलं की वाटतं, ज्याने हा तट बांधून घेतला त्याच्याही खुर्चीमागे कुणीतरी बप्पा उभे असणार. हाताशी आहे ना, मग बसवा.

बप्पांचा दुसरा सिद्धांत आणखी खोल आहे. पोरगा म्हणतो, रस्त्याने मोटारसायकलवर जाणाऱ्याला चार शब्दांपेक्षा जास्त वाचता येत नाही. बप्पा म्हणतात, जाणाऱ्यासाठी फ्लेक्स लावतो कोण? फ्लेक्स त्यात ज्याचा फोटो आहे त्याच्यासाठी असतो. तो माणूस सकाळी येतो, खाली उभा राहतो, वरच्या स्वतःकडे बोट करून फोटो काढतो, स्टेटसला ठेवतो. मग त्याचे मेहुणे अंबाजोगाईवरून फोन करतात. झालं काम. वाढदिवसाच्या बोर्डावर खालच्या ओळीत पासपोर्ट आकाराचे वीस शुभेच्छुक असतात. कुणीही उत्सवमूर्तीकडे बघत नाही, वीसही जण आपापला चेहरा शोधतात. ज्याला तो पहिल्या झटक्यात सापडतो, त्याच्यापुरतं डिझाईन उत्तम.

म्हणून बप्पांच्या सुधारणेत कधी काही काढलं जात नाही, फक्त घातलं जातं. नाव काढणं म्हणजे भावकी तोडणं. लग्नपत्रिकेत आत्याबाईंचे जावई ‘स्वागतोत्सुक’मध्ये की ‘व्यवस्थापक’मध्ये, यावर दोन तास जातात आणि शेवटी ते दोन्हीकडे येतात. किलबिल मंडळींत एका दिवसापूर्वी जन्मलेलं बाळसुद्धा आपल्या काकाच्या लग्नाला यायचं आग्रहाने सांगत असतं. त्याचं नाव अजून ठेवलेलं नाही म्हणून ‘छकुली’ छापतात. श्रद्धांजलीच्या बोर्डावरही तीच गत. गेलेला माणूस काळा-पांढरा, शोकाकुल मात्र सगळे रंगीत, आणि त्यातला एखादा मागच्या निवडणुकीचा फोटो असल्यामुळे हसतमुख.

बप्पा कायद्याचाही मान राखतात. मालमत्ता विद्रूप करण्याला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात 1995 पासून आहे, आणि बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने 2017 साली कडक निकाल दिला, हे त्यांच्या कानावर आहे. त्यामुळे बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात ‘परवानगी क्र.’ एवढं ते न चुकता छापायला लावतात. त्यापुढची जागा मोकळी असते. बप्पांनी सोडलेली ही एकमेव मोकळी जागा.

शुद्धलेखनाकडे त्यांचं लक्ष नसतं असं नाही, पण प्राधान्य वेगळं आहे. ‘हार्दिक’मधली वेलांटी गेली कित्येक वर्षं गावात दीर्घ आहे. ‘दीर्घ बरी, जास्त हार्दिक वाटतं,’ हे त्यांचं स्पष्टीकरण. आडनावात काना चुकला तर मात्र रात्री अकरा वाजता पोराला उठवून फाईल दुरुस्त करून घेतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरं फुटतात, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. एकदा अशा फुटलेल्या पानाचीच प्रिंट बप्पांसमोर आली. त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि पहिला प्रश्न केला, ‘सरपंचाचं नाव यात कुठं हाय तेवढं दाखव.’

आणि त्यांची दूरदृष्टी? सोहळा झाला की आमच्याकडे फ्लेक्स वाया जात नाही. कडब्याच्या गंजीवर जातो, शेळ्यांच्या छपरावर जातो, ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीत घडी होऊन कारखान्यावर कोपीवर चढतो. ‘भावी’ आमदार पावसाळाभर म्हशींवर नजर ठेवून असतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण देवाचा आणि संतांचा फोटो शेणामुताच्या जागी जाऊ नये, असं बप्पांना मनापासून वाटतं. म्हणून ते सगळे देव वरच्या एका पट्टीत, एका रांगेत घ्यायला लावतात. ‘उद्या कात्रीने सरळ काढता आली पायजे.’ वापर संपल्यावर वस्तू कुठं जाणार याचा विचार डिझाईन करतानाच करावा, असं शहरातल्या संस्थांत हल्ली शिकवतात म्हणे. बप्पांनी ते फी न भरता केलेलं आहे.

पोरगा आता शहाणा झालाय. तो दोन फाईली करतो. एक बप्पांची, ती परळीला छापायला जाते. दुसरी स्वतःची, मोकळ्या जागेची, एका फोटोची. ती त्याच्या संगणकात ‘फायनल’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून असते आणि पुण्याच्या जुन्या मित्रांना दाखवायला उपयोगी पडते. मी दोन्ही पाहिल्या आहेत. पोराची निःसंशय सुंदर आहे. पण माझ्या घरचं कार्य निघालं तर छापायला मी बप्पांचीच देईन. सुंदर पत्रिकेत एखादा चुलता राहून गेला तर ते निस्तरायला पोरगा येणार नाही.

तुम्हालाही त्या बाजूला काही छापायचं असेल, तर नावांची यादी कागदावर मानाच्या क्रमाने लिहून न्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसते पाठवले तर मोठ्या बोर्डावर नाक-डोळे चौकोनी दिसतात. दुकानात सकाळी जा, तेव्हा लाईट असते. आणि बप्पांना चहा सांगा, साखर जास्त.