ऑइलपेंटचा नंबर आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या संस्थेत प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकलेला आहे. टेबलावर आहे, कपाटावर आहे, पंख्याच्या पात्यावर आहे. एका कूलरवर तर दोन आहेत, कारण तो कोणत्या खोलीचा यावर दर उन्हाळ्यात वाद होतो. मार्चअखेर भांडारपाल डेडस्टॉक रजिस्टर घेऊन निघतात, नंबरवर बोट ठेवतात, समोर टिक करतात. डोळ्याला दिसेल आणि बोटाला लागेल ते संस्थेचं, असा सरळ व्यवहार होता.

त्यात एका वर्षी ऑडिटरने विचारलं, "कॉम्प्युटर तर दिसून राहिले, पण त्यातल्या सॉफ्टवेअरचं काय?" प्रश्न रास्तच. आयकराच्या नियमांत कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर एकाच ओळीत बसतात, घसारा 40 टक्के. घसारा घेता, तर जिन्नस दाखवा. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मला काढता येतो, या पात्रतेवर ते काम माझ्याकडे आलं.

सुरुवात स्टिकरांपासून केली. विंडोज 7 च्या काळातल्या कॅबिनेटला एक स्टिकर असे. त्यावर पाच-पाच अक्षरांचे पाच गट. त्यांत इंग्रजीतला एकही स्वर नाही, म्हणजे चुकूनसुद्धा एखादा शब्द तयार व्हायची भीती नाही. ते वाचायला टेबलाखाली आडवं व्हावं लागतं. कूलरचं पाणी उडून उडून शाई इतकी फिकटली होती, की 'बी' कुठला आणि आठ कुठला हे बघायला टॉर्च लागला. बरं, मशीनबरोबर आलेलं हे लायसन्स त्या मशीनपुरतंच. मदरबोर्ड काढून वरच्या दर्जाचा टाकला की तेही गेलं. भांडारपालांना हे काही पटेना. "खुर्चीचा पाय मोडला तर नवा लावतो की जी आपण! नंबर तोच राहते."

त्यांना मनापासून आवडलं ते एकच लायसन्स, श्रीलिपीचं. मराठी मजकूर जुळवायच्या त्या पॅकेजबरोबर एक छोटं लॉक आलेलं होतं. ते कॉम्प्युटरला खोचलं तरच काम चालतं. हातात धरता येतं, नंबर टाकता येतो! त्यांनी तो लगेच टाकला आणि किमती वस्तू म्हणून लॉक कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. दुसऱ्या दिवशी स्मरणिकेचं काम ठप्प. तेव्हापासून डीटीपीच्या ताई सकाळी सही करून लॉक नेतात आणि संध्याकाळी सही करून परत देतात. अख्ख्या संस्थेत चोख हिशोब असलेलं तेवढं एकच लायसन्स.

कायद्याचं तर वेगळंच. कॉपीराइट कायदा 1957 चा. 1984 च्या दुरुस्तीपासून कॉम्प्युटर प्रोग्राम त्यात साहित्यकृतींच्या पंगतीला बसला. विदर्भ साहित्य संघ 1923 पासून आहे, पण त्याच्या व्यासपीठावर टॅलीचा सत्कार झाल्याचं काही मला आठवत नाही. पुढे 1994 च्या दुरुस्तीने कलम 63-ब आलं. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल, तर कोर्ट कैद माफ करू शकतं. वाचकाला एवढा धाक दुसऱ्या कुठल्या साहित्यप्रकाराचा नाही. गंमत म्हणजे बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये, हिस्लॉप कॉलेजच्या रस्त्यावर आहे. तिथून बर्डीचा बाजार काही लांब नाही, आणि एके काळी बर्डीवरून असेंबल करून आणलेल्या मशीनमध्ये सगळं 'टाकून' मिळायचं. काय टाकलं हे कोणी विचारत नसे.

मग नेटवर्कवरून सगळी मशीन तपासणारा एक प्रोग्राम चालवला. त्याची यादी एका बाजूला, खरेदीची बिलं दुसऱ्या बाजूला. बिल आहे पण सॉफ्टवेअर सापडत नाही, असं बरंच निघालं. सॉफ्टवेअर आहे पण बिल नाही, याबद्दल इथे जास्त बोलत नाही. ते काढून टाकलं. एका निवृत्त साहेबांच्या नावाचं मासिक वर्गणीचं लायसन्स मात्र अजून इमाने इतबारे ड्युटीवर होतं. साहेब पुण्याला मुलाकडे, लायसन्स धंतोलीत. आणि जवळपास प्रत्येक मशीनवर विनरार. चाचणीची मुदत 40 दिवस. ती संपली की आठवण करून देणारी चौकट येते, आपण ती बंद करतो आणि फाइल उघडते. 'मुदत संपली का?' या रकान्यात 'हो', 'चालू आहे का?' या रकान्यातही 'हो'. भांडारपालांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या कंत्राटी पोरांसारखंच झालं मग हे."

आता राहिला मुदत संपलेला अँटिव्हायरस. रजिस्टरमधून वस्तू कमी करायची तर निर्लेखन समितीने ती प्रत्यक्ष पाहायची, भंगार किंमत ठरवायची, लिलाव करायचा. समिती आली. "दाखवा," म्हणाली. मी स्क्रीनवरची लाल सूचना दाखवली. अध्यक्षांनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "हे उचलून कोण नेणार?"

भंगार किंमत 'निरंक' लिहायला भांडारपालांचा हात धजेना. अँटिव्हायरसच्या सीडींची रिकामी खोकी त्यांनी कधीच फेकली नव्हती. ती त्यांनी रद्दीवाल्याला तोलून दिली, आलेल्या पैशांची रीतसर पावती फाडली आणि पावती क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात चढवला. ऑडिटरने त्यावर हिरवी टिक केली.