समास सोडवा, पोलीस व्हा

नांदेड-लातुरात पहाटे पाचला कुठल्याही मैदानावर जा, फौजदारी न्यायाचं शिक्षण जोरात चालू असतं. पोलीस भरतीत १६०० मीटर धावा, २० गुण. १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. (मुलींना ८०० मीटर, तेवढी दया.) पन्नासातले निम्मे पडले, तर लेखीच्या रांगेत उभं राहायचं. लेखी १०० गुणांची: अंकगणित, बुद्धिमत्ता, चालू घडामोडी, मराठी व्याकरण.

कायदा? तो नाही. अंगावर खाकी चढवायची तर बहुव्रीही समास ओळखता आला पाहिजे. माणसाला अटक कधी करता येते, हे कुणी विचारत नाही. पात्रता बारावी. म्हणून एखाद्या लेकरानं कॉलेजात गुन्हेगारीशास्त्र घ्यायचं म्हटलं, की मामा विचारतो, "त्यानं भरतीत किती मार्क वाढतात?" शून्य. मामा हिशेबाला पक्का.

कायदा नंतर शिकवतात, लातूरजवळच्या बाभळगावच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी. पण १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि शिकवणाऱ्यांचीच पाठांतरं वाया गेली. खुनाचं ३०२ गेलं, १०३ आलं. शिवाय सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं, असं नवा कायदा सांगतो. हे तज्ज्ञ घडवणाऱ्या सरकारी संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. आमच्याकडं डॉक्टर घडवायचा 'लातूर पॅटर्न' निघाला, तज्ज्ञ घडवायचा नाही. घाई नाही म्हणा. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. गुन्हेगारांनी तेवढं थांबावं.

आणि अभ्यासाला विषय दारात आलेला! नीटचा पेपर झाला ५ मे २०२४ ला. पेपरफुटीविरोधी नवा केंद्रीय कायदा लागू झाला २१ जूनला. लगेच दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड शाखेच्या तक्रारीवरून लातुरात नीटमधल्या गैरप्रकारांचा गुन्हा नोंदला गेला, नव्या कायद्याची कलमंही लागली. पुढं तपास सीबीआयकडं गेला. आता प्रश्न असा: कृत्य घडलं तेव्हा जो कायदा लागूच नव्हता, त्याखाली शिक्षा देता येते का? राज्यघटनेचं कलम २० नाही म्हणतं. मग आधीच्या कृत्यांवर ही कलमं टिकणार कशी? लातूरच्या दयानंद विधी महाविद्यालयात यावर दोन तास सहज भांडता येईल.

भरतीच्या क्लासात विचारून बघा. सर म्हणतील, "चालू घडामोडीत येऊ शकतं. २१ जून पाठ कर, अन् पळ."