घरच्या घरी माइटपालन

शेळ्यांना कुरण लागतं, कोंबड्यांना शेड लागते. धुळीतल्या माइटला तुमची झोपायची खोली पुरते. घरात दम्याचा एखादा पेशंट असला, की मालाला कायमचं गिऱ्हाईकही मिळालं.

जनावर किरकोळ आहे. जेमतेम पाव मिलिमीटरचं, आठ पायांचं, कोळ्याच्या भाऊबंदांपैकी. चावत नाही, ओरडत नाही. आपल्या अंगावरून झडणारे कातडीचे बारीक पापुद्रे खातं, म्हणजे चाऱ्याचा खर्च शून्य. पाणीही पाजावं लागत नाही, हवेतली ओल ते अंगानंच शोषून घेतं. फक्त हवेतली आर्द्रता सतत ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर सुकून मरतं. मुंबई-कोकणच्या पालकांना ही काळजी नाही. विदर्भात उन्हाळा जरा जड जातो, पण तिथे देवाच्या दयेनं कूलर आहेत.

गोठा म्हणून गादीच उत्तम, त्यातही कापसाची, लग्नात आलेली. पूर्वी बायका दर उन्हाळ्यात गाद्या गच्चीवर टाकून कडक ऊन दाखवायच्या. त्यात किती वंश बुडाले असतील! आता गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असते. गादी-उशांना घट्ट विणीची, चेनची कव्हरं मात्र चुकूनही घालू नयेत. आतल्या जनावरांचा चारा तुटतो आणि त्यांचा माल बाहेर येत नाही.

चादरी धुवायला हरकत नाही, पण सणासुदीला आणि गार पाण्यात. गार पाण्यात बहुतेक मंडळी जगतात, ६० अंशांच्या पाण्यात निर्वंश होतो. मशीनवरच्या गरम पाण्याच्या बटणाला घरात आजवर कुणी हात लावला नसेल, तीच परंपरा पुढे चालवावी. टेडी बेअरही फ्रीजरमध्ये ठेवू नये, रात्रभराच्या थंडीत त्यातलं बिऱ्हाड मरतं.

आता मालाविषयी. पूर्वी लोक नुसत्या धुळीला दोष देत. नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली माइटकडे बोट दाखवलं. खरा माल म्हणजे त्याची विष्ठा. ती वजनानं जड, हवेत उडाली तरी थोड्या वेळात खाली बसते. म्हणून वितरण रोज करावं लागतं: पेशंट अंथरुणात असतानाच शेजारची गोधडी झटकावी, मग पंखा चालू ठेवून कोरड्या झाडूनं केर काढावा. ओल्या फडक्यानं पुसलं की माल फडक्यातच राहतो. एअर प्युरिफायर घ्यायचा असेल तर खुशाल महागातला घ्यावा. माल गादीत आणि तो कोपऱ्यात, त्यामुळे धंद्याला फारसा धक्का लागत नाही.

जोडधंदा म्हणून झुरळं आहेत, कपाटामागे ओल धरलेली भिंत आहे. मच्छर अगरबत्तीचा धूर या मालात मोडत नाही, पण छाती आधीच आवळलेली असेल तर मदत करतो.

पेशंट मध्यरात्री खोकत उठला तर गडबडून गादीकडे पाहू नये. डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप ‘सवय लागते’ म्हणून कपाटात असेलच, तो तिथेच राहू द्यावा. संध्याकाळी त्यानं काय खाल्लं हे वडीलधाऱ्यांना विचारावं. केळं निघतं, नाहीतर दही. ते ताबडतोब बंद करावं. माइट दोन्ही खात नाहीत.