अलर्ट आला, पोरांचं काय?

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यातले किती उघडले, विसर्ग किती क्युमेक्स, हा मेसेज ग्रुपमागून ग्रुपवर फिरतो. वैनगंगेकाठच्या शाळेतल्या गुरुजींनी त्या आकड्याचं करायचं काय? आपल्या रस्त्यावरचा पूल किती वाजता बुडेल आणि पलीकडच्या गावची पोरं आत्ता सोडायची की शाळेतच थांबवायची, एवढं त्यांना कळायला हवं. नेमकं तेच मेसेजात नसतं. सुट्टीचा आदेश सकाळी निघाला, तर तोवर लांबची पोरं वाटेला लागलेली असतात.

गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर नवा नाही. पूल पाण्याखाली जातो, तालुका तुटतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ सालीच काढली: आपल्या भागातले धोके ओळखा, योजना करा, सराव घ्या. पण सराव म्हटलं की अग्निशामक सिलिंडर, रांगेतली मुलं आणि फोटो. आग लागू शकते, मान्य. पण इथे आधी पूर येतो, साप निघतो, वाघ फिरतो.

त्यातही मला धास्ती मण्यारीची. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. फारसं दुखत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोरगी एवढंच म्हणते, पोटात दुखतंय. मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, शब्द अडखळतात, श्वास अडकतो. पोटदुखीची गोळी देऊन तिला परत झोपवलं, तर हातची वेळ गेली. आश्रमशाळेत त्या वेळी जागं कोण असतं? चौकीदार, फार तर अधीक्षिका. म्हणून ही लक्षणं चौकीदाराला, कामाठ्याला आणि शेजारच्या अंथरुणावरच्या मुलीला तोंडपाठ हवीत, माडिया भाषेत समजावलेली हवीत. मांत्रिक नको, दोरी आवळणं नको. प्रतिविष असलेल्या दवाखान्याकडे तडक निघायचं. टॉवर नसेल तर १०८ लागणार नाही. तेव्हा गावात जीप कुणाची, चालवतो कोण, हे भिंतीवर ठळक लिहिलेलं असावं. आणि मुलांना आधी खाटा द्या, मच्छरदाण्या द्या.

ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांतून मुली सायकलने शाळेत जातात. वाघ कुठल्या बाजूला आहे याची खबर वनखात्याच्या बीटगार्डला लागते. तीच शाळेला वेळेत मिळाली तर शेवटचा तास सोडून पोरींना उजेडात, घोळक्याने घरी धाडता येईल. बीटगार्ड आणि मुख्याध्यापकांनी एकमेकांचे नंबर घ्यायला कुठला शासन निर्णय लागतो?

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, तेव्हा पाऊस दारातच असतो. गडचिरोली, अहेरी आणि भामरागड या तिन्ही आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी पहिल्याच आठवड्यात आश्रमशाळांमध्ये तालीम घ्यावी, तीही रात्री दोन वाजता, न कळवता. पोरगी आजारी पडली असं सांगायचं आणि घड्याळ लावायचं. कोण उठलं, गेटची किल्ली कुणाकडे निघाली, गाडी किती वेळात आली, हे सगळं लिहून पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवावं.