जुन्या स्वस्त गिटारची जन्मपत्रिका कशी मांडावी

साहित्य : एक स्क्रूड्रायव्हर, एक बॅटरी, दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा आणि घरच्यांची परवानगी. शेवटची मिळाली नाही तरी अडत नाही; गिटार गॅरेजमध्येच ठेवावी.

पायरी १. मालकाचं ऐकून घ्यावं, मनावर घेऊ नये. न्यू जर्सीच्या गॅरेज सेलमध्ये प्रत्येक इलेक्ट्रिक गिटार 'आजोबांची, पन्नासच्या दशकातली' असते. मान डोलवावी. पाकीट काढू नये.

पायरी २. डोक्यावरच्या नावाला भुलू नये. 'सिल्व्हरटोन' हे सासरचं नाव. सासर म्हणजे सिअर्स, एकेकाळी कॅटलॉगवरून घरोघरी माल धाडणारं मोठं खटलं. माहेर वेगळंच असतं : कधी न्यू जर्सीतलं नेथन डॅनियल यांचं डॅनइलेक्ट्रो, कधी शिकागोचं हार्मनी किंवा के. तिन्ही घरच्या लेकी या एकाच सासरी नांदल्या.

पायरी ३. टिचकी मारून पाहावी. कपाटाच्या मागच्या फळीसारखा आवाज आला तर मालकासमोर चेहरा पाडावा आणि मनात पेढे वाटावेत. डॅनइलेक्ट्रो लाकडी चौकटीला पुढून-मागून हार्डबोर्ड ठोकायचे आणि पिकअप लिपस्टिकच्या नळीत बसवायचे. साठच्या दशकात त्यांनी गिटारच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर घातला. '१४४८' नावाचा हा अख्खा संसार सिअर्सने ६७.९५ डॉलरला विकला.

पायरी ४. आधी तारा सैल कराव्या, मग नेकचे स्क्रू काढावेत. डॅनइलेक्ट्रोत नेकच्या खाचेत आकडे सापडतात. त्यांतला शेवटचा सालाचा. ५ म्हणजे १९५५ की १९६५? दशक लिहायचा रिवाज नव्हता. बरं एवढंच, की गिटारी १९५४ला सुरू झाल्या आणि कारखाना १९६९ला मिटला. घोळ दोनच दशकांचा. पोकळ हार्मनी असेल तर स्क्रूड्रायव्हर खिशात घालावा आणि छिद्रातून आरसा आत सोडावा. शाईचा शिक्का पुसला नसेल तर साल तिथेच मिळतं.

पायरी ५. तरी शंका उरली तर व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा पोटेन्शिओमीटर, पाहावा. त्यावर '३०४६३१२' असं काही कोरलेलं असतं. पहिले तीन आकडे पॉट बनवणाऱ्याचे : ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. मधले दोन साल, शेवटचे दोन आठवडा. म्हणजे हा पॉट १९६३च्या मार्चमधला. एकूण सहाच आकडे असतील तर सालाला एकच आकडा उरतो. पायरी ४ मधली डोकेदुखी पुन्हा भोगावी.

इथे नवशिके उड्या मारतात. मारू नयेत. ही तारीख पॉटची, गिटारची नव्हे. घाऊक घेतलेले पॉट कारखान्यात महिनोन्‌महिने पडून राहत. गिटार पॉटनंतरची, एवढंच त्यातून कळतं. तेही पॉट मूळचा असेल तर. सोल्डर चकचकीत दिसलं की कुणीतरी आत हात घातलाय असं समजावं.

पायरी ६. वहीत '१९६३च्या सुमारास' असं लिहून थांबावं. नेमकी तारीख हवीच असा कुणी हट्ट धरला तर बेलाशक १ जून लिहावी. आपल्याकडे मास्तरांनी शाळेत घालताना अख्ख्या पिढीला तीच जन्मतारीख दिली, आणि त्यावर पेन्शनीसुद्धा निघाल्या. एका हार्डबोर्डच्या गिटारचं काय अडतंय!