फॅट-३२ साहेबांना अनावृत पत्र

माननीय फॅट-३२ साहेब,
मुक्काम सीताबर्डीत घेतलेला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह.



भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ आलाय. लॉनवरचं लग्न, त्यात फोरकेची हौस, त्यामुळे फाइल ११ जीबीची. वर्ध्याच्या मावशीला गुडघ्यांमुळे येता आलं नाही; तिला तो टीव्हीवर बघायचाय. तुमच्याकडे २८ जीबी जागा मोकळी आणि तुम्ही म्हणता, फाइल फार मोठी आहे. आख्खं लॉन रिकामं, पण वऱ्हाड एकाच बसमधून आलं म्हणून दारात अडवलं, असा हा पाहुणचार.

चौकशी केली तर कळलं, जागेचा प्रश्नच नाही; ड्राइव्हवरच्या फाइलींची नोंद तुम्ही ठेवता, त्या नोंदवहीचा आहे. फाइलचा आकार लिहायला तुमच्याकडे ३२ बिटांचा रकाना. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्यावर एक बाइट जास्त झाला की लिहायचं कुठे? १९९६ साली विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीत तुम्ही रुजू झालात, तेव्हा घरच्या संगणकाची हार्डडिस्कच एक-दोन जीबीची असायची. एवढी मोठी फाइल कोण करणार, हे तेव्हा बरोबरच होतं.

पण साहेब, २००६पासून तुमचे वारस एक्सफॅट कामावर आहेत. ११ जीबी त्यांच्या खिजगणतीतही नाही. तरी ३२ जीबीपर्यंतच्या ड्राइव्हवर खुर्ची बहुधा तुमचीच, कारण जुने टीव्ही नि गाडीतल्या म्युझिक सिस्टिम तुम्हालाच ओळखतात. एवढी ओळख आमच्या नगरसेवकाचीही नसेल.

दुकानदार म्हणाला, "काऊन टेन्शन घेता भाऊ? फॉर्मेट मारा, एक्सफॅट करा." मारलं. फाइल सुखरूप चढली, पण मावशीच्या टीव्हीने ड्राइव्ह ओळखलाच नाही. सेव्हन-झिपने तुकडे करता येतात, पण ते जोडणार कोण, टीव्ही? तुमचे दुसरे भाऊबंद एनटीएफएस यांचं नाव काढलं तर जावई म्हणाले, माझा मॅक त्यातलं वाचेल, लिहिणार नाही. शेवटी पुन्हा तुमच्याच पायाशी आलो आणि व्हिडिओ तीन फाइलींत विभागला. दुसरी फाइल नेमकी शेवटच्या मंगलाष्टकात, 'सावधान'च्या आधी संपते. मावशी फोन करून विचारते, "लागलं का बाप्पा लग्न?"

मागणी साधी आहे. पाकिटावर '३२ जीबी' जेवढ्या ठळक अक्षरांत छापतात, तेवढ्याच अक्षरांत 'एका फाइलला जेमतेम ४' हेही छापा. नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत महागाई-भ्रष्टाचाराचे बडगे म्हणजे पुतळे निघतात, त्यांत यंदा एक तुमचा. उंची किती ठेवायची तेवढं कळवा. इतवारीच्या गल्ल्यांतून न्यायचाय, आणि बडग्या तीन तुकड्यांत नेलेला बरा दिसत नाही.

आपला,
एक नागपूरकर