बॅगेचा अमेरिका दौरा

मुंबईहून न्यूयॉर्कमार्गे लिमाला निघालेल्या माणसाला अमेरिकेत काहीएक करायचं नसतं. खुर्चीत बसून महागडी कॉफी प्यायची आणि पुढचं विमान गाठायचं, एवढाच बेत. त्यासाठी त्याने सी-१ व्हिसा काढायचा, १८५ डॉलर भरायचे आणि लिहून द्यायचं की आपण आजवर नरसंहार केलेला नाही, हेरगिरी-घातपाताचाही विचार नाही. (खरा घातपाती तिथे इमानदारीत ‘हो’वर टिचकी मारेल, हा विश्वास हृद्य आहे.)

पण माणसाचं सोडा, बॅगेचं बघा. मुंबईतच तिच्या गळ्यात लिमाचा टॅग पडलेला असतो. तरी न्यूयॉर्कला ती पट्ट्यावर अवतरते. मालकाने इमिग्रेशनच्या रांगेतून सुटून तिला शोधायचं, उचलायचं, कस्टम्ससमोरून ढकलत न्यायचं आणि पलीकडच्या दुसऱ्या पट्ट्यावर ठेवायचं. झालं! मेतकुटाच्या डब्यासकट बॅग रीतसर अमेरिकेत आली आणि गेली. लोडरने जी या विमानातून त्या विमानात टाकली असती, तिच्यासाठी तेवीस किलो ओढत म्हाताऱ्या माणसांनी धावायचं आणि रांग लांबली म्हणून विमान चुकलं, तर वर ऐकून घ्यायचं की जास्त वेळ हाताशी ठेवायला हवा होता.

सुरक्षेचं काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पूर्वी तिथे व्हिसाविना ट्रान्झिटची सोय होती. घातपाताच्या धास्तीने ती ऑगस्ट २००३ मध्ये थांबवली. धास्ती खोटी नव्हती. पण विमान मुंबई सोडण्याआधीच प्रवाशांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक तिकडे पोचलेले असतात. संशयिताला मुंबईतच अडवता येतं. शिवाय विमान पाडायला निघालेला माणूस स्कॅनरवर सापडतो, शिक्क्याने नाही. खरं कारण साधं आहे. तिथल्या विमानतळांवर देशाबाहेर जाणाऱ्यासाठी इमिग्रेशनची खिडकीच नाही. डेन्व्हरला निघालेला आणि लिमाला निघालेला एकाच दालनात बसतात. म्हणून वाटेतल्या पाहुण्यालाही आधी देशात घ्यावं लागतं. जिना बांधायला गवंडी विसरला आणि चौकशी पाहुण्याच्या चारित्र्याची! दुबई, दोहा, सिंगापूरला हा जिना आहे. नागरी विमानवाहतुकीच्या ज्या कराराच्या परिशिष्टात थेट ट्रान्झिट क्षेत्राची तरतूद आहे, तो १९४४ मध्ये शिकागोत झाला. शिकागोत उतरून पुढे जाणाऱ्यालाही व्हिसा लागतोच.

मग दुसऱ्या वाटेने जा, हा सल्ला तयार असतो. तो देणाऱ्याने तिकिटांचे दर पाहिलेले नसतात, आणि युरोपातही काही देश काही पासपोर्टांकडे नुसत्या ट्रान्झिटसाठी व्हिसा मागतात, हेही त्याच्या गावी नसतं. ब्रिटिश पासपोर्टवाल्याचं बरं, त्याला अमेरिकेसाठी घरबसल्या ऑनलाइन परवानगी पुरते. मुंबईहून त्याच विमानाने गेला, तर बॅग मात्र त्यालाही पट्ट्यावरून उचलावी लागते. तेवढी समता अमेरिकेने पाळली आहे.